चिंगीची शुगर वाढली ती हार्टच्या गोळीनं का?

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे मी नीट समजलोय का ते तुम्हालाही कळेल. चिंगी, स्पिट्झ कुत्री, वय ११, वजन ९ किलो, गेल्या दिवाळीपासून डायबेटिस, सकाळ-संध्याकाळ ५ युनिट इन्सुलिन, त्यावर शुगर १५० ते २२० च्या मध्ये बऱ्यापैकी खेळत होती. दसऱ्याच्या सुमारास खोकला आणि धाप वाढली, टू-डी एको केला, हार्टची झडप लीक निघाली, छातीत पाणी होतं, आणि पिमोबेंडन, फ्युरोसेमाइड, एनालाप्रिल सुरू झालं. त्याला तीन आठवडे झाले आणि शुगर आधी ३४०, परवा ३९०. पिमोबेंडनच्या खोक्यातल्या कागदावर लिहिलंय की डायबेटिस असलेल्या कुत्र्यात शुगर नियमित तपासा, ते वाचून मिस्टर म्हणतायत की ही गोळीच बंद करू.

गोळी बंद करू नका. ३९० शुगरनं चिंगी आज रात्री दगावणार नाही, पण छातीत परत पाणी भरलं तर ती पहाटे चारला जीभ निळी करून बसेल आणि तुम्ही रिक्षा शोधत फिराल, असे पेशंट मी सिंहगड रोडला २४ वर्षांत भरपूर बघितलेत. आणि माझ्या मते या प्रकरणात गोळीचा वाटा असलाच तर चिमूटभर आहे, बाकीचं दुसरीकडे आहे, ते तुमच्याच प्रश्नातल्या दोन वाक्यांत दडलंय, त्यावर येतोच.

आधी त्या कागदाबद्दल. ते वाक्य खरं आहे, उगाच घाबरवायला लिहिलेलं नाहीये. पिमोबेंडन दोन कामं करतं, एक तर हार्टच्या स्नायूला आहे त्याच कॅल्शियममध्ये जास्त जोरात आकुंचन पावायला लावतं आणि दुसरं म्हणजे पीडीई-३ नावाचं एक एन्झाइम अडवतं, त्यामुळे रक्तवाहिन्या सैल होतात आणि हार्टवरचा बोजा कमी होतो. आता गंमत अशी की हे एन्झाइम फक्त हार्टमध्ये नसतं, त्याचा सख्खा भाऊ लिव्हरमध्ये, चरबीत आणि स्वादुपिंडातही बसलेला असतो, आणि इन्सुलिन लिव्हरला जेव्हा सांगतं ना की बाई आता साखर सोडणं थांबव, तो निरोप पोचवायला हाच भाऊ लागतो. तो अडला की निरोप थोडा अर्धवट पोचतो. स्वादुपिंडात मात्र उलटं होतं, तिथे हा अडला की इन्सुलिन जास्त सुटतं. म्हणजे धडधाकट कुत्र्यात दोन्ही बाजू एकमेकांना सांभाळून घेतात आणि शुगरला फरक पडत नाही. पण कुत्र्यांचा डायबेटिस बहुतेक वेळा माणसातल्या टाइप-१ सारखा असतो, इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच संपलेल्या असतात, त्यामुळे सांभाळून घेणारी बाजू चिंगीकडे नाहीच. म्हणून तर्कानं बघितलं तर शुगर थोडी वर सरकू शकते, आणि म्हणूनच तपासा असं लिहिलंय. तपासा लिहिलंय, बंद करा नाही लिहिलेलं. माझ्या हाताखालचे डायबेटिसवाले हार्ट पेशंट बघितले तर पिमोबेंडन चालू केल्यावर इन्सुलिन अर्धा-एक युनिट हलवावं लागलं असेल, शुगर २०० वरून ३९० ला गेली आणि कारण फक्त ही गोळी, असं मला एकदाही सापडलं नाहीये.

फ्युरोसेमाइड जास्त घोळ घालतं, पण तो घोळ मुख्यतः आपल्या डोक्यात. ही लघवीची गोळी, त्यामुळे चिंगी वाटीच्या वाट्या पाणी पिणार आणि दर तासाला दाराशी जाऊन उभी राहणार, आणि शुगर वाढल्यावरही नेमकं हेच होतं. त्यामुळे पाणी किती पिते यावरून डायबेटिसचा अंदाज बांधायची तुमची वर्षभराची सवय आता सोडून द्या, तो मापदंड गेला. पाणी कमी मात्र करायचं नाही हां, काही लोक रात्री वाटी उचलून ठेवतात, ते भयंकर आहे. खरा मुद्दा पोटॅशियमचा. फ्युरोसेमाइड ते लघवीतून बाहेर टाकतं आणि इन्सुलिन ते रक्तातून पेशीत ढकलतं, दोन्ही चालू असतील तर रक्तातलं पोटॅशियम बरंच खाली जाऊ शकतं, कुत्रं मान टाकतं, मागचे पाय लटपटतात, आणि घरचे म्हणतात शुगर कमी झाली वाटतं, आणि गुळाचं पाणी पाजतात. गोळी सुरू झाल्यावर एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि पोटॅशियम करायला सांगतात ते याचसाठी, तुमच्या फाइलमध्ये तो रिपोर्ट दिसत नाहीये, करून घ्या. एनालाप्रिलबद्दल शुगरच्या बाजूनं फार बोलण्यासारखं नाही, ते ज्या एसीई इन्हिबिटर गटातलं आहे त्यातली औषधं माणसांत इन्सुलिनला उलट थोडी मदतच करतात.

आता तुमची ती दोन वाक्यं.

पहिलं. तुम्ही सहज लिहिलंय की एको लगेच करता आला नाही कारण गणपतीत तिला पाळी आली होती. म्हणजे चिंगीचं गर्भाशयाचं ऑपरेशन झालेलं नाही! ताई, हे वाक्य तुम्ही प्रश्नाच्या शेवटी कंसात टाकलंय आणि माझ्या दृष्टीनं सगळ्या प्रश्नाचा गाभा तिथे आहे. कुत्री माजावर येऊन गेली की पुढचे साधारण दोन महिने तिच्या रक्तात प्रोजेस्टेरॉन चढलेलं असतं, पिल्लं राहोत न राहोत, आणि कुत्र्यांमध्ये एक अजब गोष्ट आहे की हे प्रोजेस्टेरॉन सडांच्या ग्रंथींमधून ग्रोथ हार्मोन सोडायला लावतं, आणि ते इन्सुलिनचं काम सरळ बोथट करतं. तुम्ही टोचताय ५ युनिट, अंगाला लागतायत जणू दोन-तीनच. गणपती ते आज हिशोब करा, सात-आठ आठवडे, म्हणजे बरोब्बर त्याच काळात शुगर चढली आणि त्याच काळात योगायोगानं हार्टच्या गोळ्या सुरू झाल्या. काकतालीय न्याय म्हणतात तसं, कावळा बसायला आणि फांदी मोडायला. मला तर वाटतं गेल्या दिवाळीत डायबेटिस निघाला तोही अशाच पाळीच्या पाठोपाठ निघाला असणार, आठवून बघा. त्या वेळी लगेच ऑपरेशन झालं असतं तर काही कुत्र्या इन्सुलिनमधून सुटतात सुद्धा, आता वर्ष झालं, ती आशा फारशी धरू नका, पण दर सहा-आठ महिन्यांनी शुगरची ही उलथापालथ तरी थांबेल.

आणि याच्यात एक खरोखरची भीती आहे. पाळीनंतर चार ते आठ आठवड्यांत, वयस्क, ऑपरेशन न झालेल्या कुत्रीत गर्भाशयात पू होतो, पायोमेट्रा. त्याची लक्षणं काय, तर खूप पाणी पिणं, खूप लघवी, खाणं कमी, मरगळ. चिंगीचं पाणी आणि लघवी तुम्ही फ्युरोसेमाइडच्या नावावर टाकलीय, मरगळ हार्टच्या नावावर आणि शुगर पिमोबेंडनच्या. प्रत्येकाला एकेक आरोपी मिळालाय आणि पू आत तसाच. मी असं म्हणत नाहीये की तिला तो आहेच, पण उद्याच्या उद्या पोटाची सोनोग्राफी झाली पाहिजे, पंधरा मिनिटांचं काम आहे, सोबत एक सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) आणि लघवीत कीटोन, म्हणजे इन्सुलिन कमी पडलं की चरबी जळून तयार होणारं आम्ल. बाहेर स्राव दिसत नाही म्हणून निश्चिंत राहू नका, गर्भाशयाचं तोंड बंद असलेला प्रकार जास्त वाईट. सोनोग्राफी स्वच्छ आली तर उत्तम, मग ऑपरेशन कधी हे हार्ट स्थिर झाल्यावर तुमचे नेहमीचे डॉक्टर आणि एको करणारे दोघांनी बसून ठरवावं, हार्टच्या पेशंटला भूल देताच येत नाही हा गैरसमज आहे, जपून देतात.

दुसरं वाक्य. "गोळ्या पेढ्यात घालून दिल्या की छान खाते." आता हसू का रडू! तीन प्रकारच्या गोळ्या, पिमोबेंडन दोनदा, फ्युरोसेमाइड दोनदा, एनालाप्रिल एकदा, म्हणजे दिवसाला पाच गोळ्या आणि अर्धा-अर्धा पेढा धरला तरी अडीच पेढे, ९ किलोच्या डायबेटिसवाल्या जीवाला. तुमच्या-माझ्या वजनाला गुणून बघा किती होतात. हार्टच्या गोळीनं शुगर वाढली हे या अर्थानं अगदी बरोबर आहे, गोळीसोबतच्या पेढ्यानं वाढली. पुण्यात हे फार आहे, कुणी पेढ्यात, कुणी गुळाच्या खड्यात, कुणी बिस्किटात, एका आजी गुलकंदात द्यायच्या. उकडलेल्या चिकनचा लहान तुकडा किंवा घरच्या पनीरचा बिनमिठाचा चौकोन घ्या, झालं. चीज नको, त्यात मीठ फार, हार्टला ते नको. आणि शुगरफ्री म्हणून लिहिलेलं काहीही अजिबात नको, त्यात झायलिटॉल असेल तर कुत्र्यांत ते विष आहे, धडाधड इन्सुलिन सुटतं आणि शुगर तळाला जाते, चिंगीच्या पेशी संपल्यात म्हणून तिला ते चालेल असला हिशोब करत बसू नका, लिव्हरची वाट लागते ती वेगळीच.

वेळापत्रकाचं पण बघा. पिमोबेंडन उपाशीपोटी, जेवणाच्या साधारण तासभर आधी द्यायचं असतं, आणि इन्सुलिन जेवल्यावर. नवीन गोळ्या सुरू झाल्या की घराघरात काय होतं, तर सगळं एकाच वेळी उरकलं जातं, किंवा गोळी साडेसातला म्हणून जेवण साडेआठला सरकतं आणि इन्सुलिन नऊला, संध्याकाळी मात्र सातलाच कारण मग मालिका असते, म्हणजे मधलं अंतर एकदा दहा तास आणि एकदा चौदा. इन्सुलिनला बारा तास हवेत. साडेसहाला पिमोबेंडन, साडेसातला जेवण, खाल्लेलं डोळ्यांनी बघितलं की इन्सुलिन, संध्याकाळी तस्संच. हार्टच्या पेशंटची भूक लहरी असते, एखाद्या दिवशी तोंडच लावणार नाही, तेव्हा किती टोचायचं हे आजच तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या, पूर्ण डोस उपाशीपोटी कधीच नाही. एखादा डोस चुकला तर शुगर वाढेल इतकंच, उपाशी डोस पडला तर फिट येईल.

जाता जाता सिरिंजचं टोपण बघा कुठल्या रंगाचं आहे. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या ४० युनिटच्या पण मिळतात आणि १०० च्या पण, ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची केशरी. ४० च्या बाटलीतलं औषध केशरी सिरिंजनं पाचच्या रेघेपर्यंत भरलं तर आत जातात दोन युनिट. महिन्याभरात सिरिंजचा नवा पुडा आणलाय का? मागच्या पावसाळ्यात एक लॅब्रेडोर दोन महिने वर-खाली होत होता, सगळ्या टेस्ट झाल्या आणि शेवटी मेडिकलमधल्या पोरानं बदलून दिलेल्या सिरिंजचा घोळ निघाला, मीही तो उशिराच विचारला, माझीच चूक. आणि हो, घरचं माणसांचं मशीन कुत्र्या-मांजरात खरी शुगर असते त्यापेक्षा सहसा कमी दाखवतं, कारण आपल्या लाल पेशीत ग्लुकोज बरंच असतं आणि त्यांच्यात फार थोडं, बहुतेक सगळं प्लाझ्मात. म्हणून मशीन बदलू नका, एकाच मशीनवर दिवसभराचा आलेख काढा, दर दोन तासांनी, बारा तास. एक सुटा ३९० मला काहीच सांगत नाही. आलेख नको असेल तर माणसांना लावतात तो चौदा दिवसांचा सेन्सर मानेमागे केस काढून लावता येतो, खर्चिक आहे पण हार्ट पेशंटला क्लिनिकमध्ये दिवसभर ठेवण्यापेक्षा बरा.

कुत्र्यांचं एवढं झालं, पण हे वाचून मांजरवाले पिमोबेंडनच्या नावानं घाबरतील म्हणून त्यांच्यासाठी वेगळं सांगतो, कारण तिथे भीती वेगळ्या औषधाची आणि उलट्या दिशेची आहे. मांजरात हार्टचा स्नायू जाड होण्याचा आजार जास्त, आणि त्यात काही जणांना एटेनोलॉल देतात, बीटा ब्लॉकर. शुगर एकदम खाली गेली की शरीर अ‍ॅड्रिनलिन सोडतं, छाती धडधडते, थरथर होते, लिव्हर साठवलेली साखर सोडतं, ही सगळी आगीची घंटा. बीटा ब्लॉकर नेमकी तीच घंटा बंद करतो. प्रोप्रॅनोलॉल तर लिव्हरचा साठा सोडणंही अडवतो, एटेनोलॉल त्या मानानं हार्टपुरतं राहतं म्हणून ते बरं, पण पूर्ण निर्धास्त नाही. माझ्याकडे एक पर्शियन होतं, एटेनोलॉल आणि इन्सुलिन दोन्हीवर, मालकीणबाई म्हणाल्या दोन दिवस नुसतं झोपतंय, ना थरथर ना काही, शुगर ३८. बरं मांजरांचा डायबेटिस कधीकधी मागे हटतो, काही महिने इन्सुलिन घेतल्यावर गरजच उरत नाही, आणि आपण टोचतच राहतो. त्यामुळे एटेनोलॉलवर असलेल्या डायबेटिसच्या मांजरात लक्षणांची वाट बघायची नाही, आकडा बघायचा, आणि सुस्ती, डुलत चालणं, शून्यात बघणं यालाच धोक्याची खूण मानायची. हिरड्यांना मध किंवा ग्लुकोजची पेस्ट चोळा, फिट चालू असताना तोंडात पाणी ओतू नका, आणि निघा. एटेनोलॉल मनानं एकदम बंद करू नका, ते पण महागात पडतं.

मांजरात क्लिनिकमधली एकटी शुगर वाचून औषधाला दोष देणं तर सगळ्यात चुकीचं. धायरीहून रिक्षात बास्केटमध्ये कोंबून आणलेलं मांजर, वाटेत ढोल-ताशाचा सराव चालू, माझ्या टेबलवर त्याची शुगर डायबेटिस नसताना ३०० सहज येते. फ्रुक्टोसामिन ही रक्ताची तपासणी करा, ती मागच्या दोन-तीन आठवड्यांचं खरं चित्र देतं.

आणि घरातल्या आजोबांची बीपीची स्ट्रिप. हे मी प्रत्येकाला सांगतो. अ‍ॅम्लोडिपिन आम्ही स्वतः मांजरांना बीपीसाठी देतो, मोजून दिलं तर शुगरला काही होत नाही, पण कुत्र्यानं पूर्ण स्ट्रिप चावली तर बीपी कोसळतं आणि शुगर वर जाते, कारण स्वादुपिंडातल्या पेशीला इन्सुलिन सोडायला कॅल्शियम आत यावं लागतं आणि ही गोळी तोच दरवाजा लावून टाकते. असल्या केसमध्ये मोठ्या डोसनं इन्सुलिन आणि सोबत ग्लुकोज असा उपचार करतात, ऐकायला विचित्र वाटतं, पण ते हार्टला बळ द्यायला असतं. कोथरूडच्या एका बीगलला आम्ही असं दोन दिवस सांभाळलं, वाचला, आजोबा त्याच्यापेक्षा जास्त घाबरलेले. तेच कुत्रं प्रोप्रॅनोलॉलची स्ट्रिप खाईल तर शुगर उलटी खाली जाऊ शकते. म्हणून येताना रिकामी स्ट्रिप घेऊन या, नुसतं बीपीची गोळी म्हणू नका. डायझॉक्साइड नावाचं औषध तर बीपीसाठीच आलं होतं, त्यानं शुगर वाढते हे लक्षात आलं आणि आज स्वादुपिंडात जास्तीचं इन्सुलिन सोडणारी गाठ (ट्यूमर) असलेल्या कुत्र्यात आम्ही ते शुगर वाढवायलाच वापरतो.

एक प्रश्न नक्की येणार, की माणसांना हार्टसाठी आणि डायबेटिससाठी एकच ती डापाग्लिफ्लोझिन देतात मग चिंगीला का नको. त्याच जातीची दोन औषधं अमेरिकेत मांजरांसाठी मंजूर झालीत, बेक्साग्लिफ्लोझिन २०२२ ला आणि वेलाग्लिफ्लोझिन २०२३ ला, पण ती ज्यांच्या पेशी अजून थोडं इन्सुलिन बनवतात अशा मांजरांसाठी, आधी इन्सुलिनवर असलेल्यांसाठी नाही, कारण शुगर नॉर्मल दिसत असताना आतून कीटोन चढू शकतात. चिंगी कुत्री आहे, तिचं स्वतःचं इन्सुलिन संपलंय, आणि वरून फ्युरोसेमाइडनं पाणी कमी. घरातल्या डब्यातली गोळी तिला देऊ नका.

तर उद्या सकाळी सोनोग्राफी, रक्त, लघवी. सोनोग्राफीत काही निघालं तर तो इमर्जन्सीचा विषय, इन्सुलिनचा डोस तेव्हा तिथलेच ठरवतील. स्वच्छ निघाली तर पेढे बंद, वेळा ठरलेल्या, सिरिंज तपासलेली, असे सात दिवस जाऊ द्या आणि मग आलेख काढा, त्याआधी इन्सुलिन मनानं वाढवू नका, कारण पाळीचा असर उतरला की वाढवलेला डोस अंगावर येतो, शुगर ५० ला येऊन कुत्रं आडवं झालेलं मी बघितलंय. रात्री गाढ झोपल्यावर तिचे श्वास मोजा, मिनिटाला तीसच्या आत हवेत, सलग दोन रात्री वर गेले तर शुगर कितीही असो आधी हार्टचे डॉक्टर. श्वास, शुगर आणि किती खाल्लं हे तिन्ही कालनिर्णयवर त्या-त्या तारखेच्या चौकोनात लिहा, येताना ते पान फाडून आणा, मोबाइलमधले फोटो मला सापडत नाहीत. आणि आणलेला पेढ्यांचा पुडा मिस्टरांना द्या, त्यांची स्वतःची शुगर आधी तपासून.